गिरणीतल्या पोराची कादंबरी : वाचक-प्रतिक्रिया संकलनाच्या नोंदी (नाशिक)

८ जून २०२५

काम ठरलं. मुंबईच्या गिरणगावातल्या एका तरुण बदली कामगारावरची (गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतला जाणारा तो बदली) ऐतिहासिक कादंबरी नाशिक शहरात आणि जिल्ह्यात चार गटांत वाचायची आणि प्रतिक्रिया टप्प्याटप्प्यानं नोंदवायच्या. गट असे : सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, सिन्नरच्या विडी कामगार बाया, कॉलेजची मुलं, आणि १९८२च्या गिरणी संपानंतर ज्यांच्या घरानं परळ-लालबाग सोडलं अशी नाशिक रोड आणि सिडको भागातली मंडळी.

कादंबरीचा सांगाडा नोंदवहीत लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या नोंदी वाचणाऱ्याला कळतील. घाटावरचा सोळा वर्षांचा पोरगा १९२६ मध्ये गावच्या माणसांबरोबर परळला येतो. खानावळीत जेवतो, गाळ्यात पाळीनं झोपतो, रोज पहाटे गिरणीच्या दारात बदलीसाठी उभा राहतो. दुसऱ्या भागात १९२८चा संप. तिसऱ्या भागात संप मिटल्यावर, १९२९च्या सुरुवातीला, रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, शाफ्टवरून (यंत्रांना फिरवणाऱ्या लांब दांड्यावरून) सुटलेला पट्टा चढवताना तो मरतो. शेवटची चाळीसेक पानं मरणाची आणि मरणानंतरची.

शोकान्त कादंबरीच्या प्रतिक्रिया पुस्तक संपल्यावर एकदाच घेतल्या, तर शेवट बाकीच्या सगळ्या वाचनाला गिळून टाकतो. अडीचशे पानांत वाचक कुठे चिडला, कुठे हसला, कुठे हिशोब मांडून बसला, हे त्याला स्वतःलाच आठवत नाही. हातात उरते ती हळहळ. म्हणून तीन टप्पे, तीन कार्डं. पहिलं कार्ड पिवळं (गाव ते गिरणीतली पहिली नोकरी), दुसरं निळं (संप), तिसरं पांढरं (शेवट). कार्ड पोस्टकार्डाएवढं. मोठा कागद दिला की लोक परीक्षण लिहायला बसतात, छोट्या कार्डावर मुद्द्याचं लिहितात.

तिसरा भाग बंद ठेवायचा. पुस्तकं वाचनालयाची आहेत, त्यामुळे पिना, डिंक, टेप काही चालणार नाही. बोटभर रुंदीची कागदाची पट्टी त्या पानांभोवती गुंडाळायची आणि पट्टीचं टोक पट्टीलाच चिकटवायचं, पानाला नाही. मलपृष्ठावरच्या मजकुरात नायकाचा मृत्यू सांगून टाकला आहे, म्हणून सगळ्या प्रतींना खाकी कव्हर. प्रस्तावनेतही शेवट फुटतो, म्हणून तीही पट्टीत.

२२ जून

प्रश्नांवर काम. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न पूर्ण काढून टाकला. त्याला येणारी उत्तरं ठरलेली असतात : मन सुन्न झालं, डोळ्यांत पाणी आलं, वास्तववादी चित्रण. ही उत्तरं खोटी नसतात, पण ती कुठल्याही दुःखद पुस्तकाला लावता येतात आणि त्यातून ह्या पुस्तकाबद्दल काही हाती लागत नाही.

‘त्याच्या जागी तुम्ही काय केलं असतं?’ हाही काढला. त्यावर प्रत्येक जण शूर होतो.

ठेवलेले प्रश्न चारच. कोणत्या पानावर वाचन थांबवलं आणि का? कोणाचा राग आला? कोणती गोष्ट खरी वाटली नाही? तुमच्या कामातलं किंवा घरातलं काय आठवलं? चौथा प्रश्न शेवटीच विचारायचा. आधी विचारला तर माणूस स्वतःच्या आठवणींत शिरतो आणि पुस्तकाकडे परत येत नाही. पानाचा क्रमांक मात्र सक्तीचा. पान लिहिलं की वाचकाला तो प्रसंग पुन्हा उघडावा लागतो आणि उत्तर आपोआप नेमकं होतं.

बैठकीचा क्रम : आधी दहा मिनिटं शांतपणे कार्ड लिहायचं, मग बोलायचं. उलट केलं तर पहिला बोलणारा सूर लावून देतो आणि बाकीची कार्डं त्याच सुरात येतात. गटात वयानं किंवा हुद्द्यानं मोठं माणूस असेल, तर हे हमखास होतं. एका बैठकीला आठ ते दहा माणसं. बारांच्या वर गेलं की दोघं-तिघं बोलतात, बाकीचे ऐकतात.

कार्डावर नाव नाही. गटाचं अक्षर, वाचकाचा क्रमांक, टप्पा : सा-०७-२ म्हणजे सातपूर गट, सातवा वाचक, संपाचा भाग. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळ्या वहीत, कार्डांच्या पेटीत ठेवायची नाही.

६ जुलै

शब्दांची घडीपत्रिका तयार झाली. ए-फोर कागद, दोन्ही बाजू, पुस्तकात ठेवायला. विशीतल्या वाचकांना साचा (माग), धोटा (मागावर आडवं सूत नेणारं साधन), कांडी (धोट्यातली सुताची गुंडाळी), खाडा (गैरहजेरी), दस्तुरी (काम दिल्याबद्दल घेतलेले पैसे) हे शब्द अडतात आणि अडलं की ते दोन-तीन पानं चाळून पुढे जातात. प्रतिक्रियेत ती पानं मग येतच नाहीत.

नुसते अर्थ देऊन भागत नाही, कापसाची वाटही दाखवावी लागते. गाठ फुटली की कापूस ब्लोरूममध्ये पिंजून साफ होतो, कार्डिंगला तंतू सरळ होऊन पेळू, म्हणजे कापसाची सैल दोरी, निघतो, ड्रॉइंग आणि स्पीड फ्रेमवर तो पेळू बारीक होत जातो, रिंग फ्रेमवर त्याला पीळ पडून सूत बॉबिनवर चढतं. पुढे वाइंडिंग, वार्पिंग, खळ लावायचं सायझिंग, आणि मग साचेखातं, म्हणजे विणकाम. हे एकदा कळलं की नायक रिंगखात्यात असणं आणि त्याच्या गाववाल्यानं साचेखात्यात असणं ह्यातला फरक कळतो. विणकराची मिळकत जास्त आणि मान जास्त. ही उतरंड न कळता दुसरा भाग वाचला तर भांडणं निव्वळ स्वभावाची वाटतात.

जॉबर ह्या शब्दाला घडीपत्रिकेत सगळ्यात जास्त जागा दिली आहे. माणूस घेणं, काढणं, बदलीला उभ्या असलेल्या घोळक्यातून बोट दाखवून निवडणं, त्याबद्दल दस्तुरी घेणं, उसने पैसे देणं, कधी गाळ्याचीही सोय लावणं, आणि खात्यातली यंत्रं चालती ठेवणं, हे सगळं एकाच माणसाकडे. त्याला नुसता ‘मुकादम’ म्हणून सोडलं तर पुस्तकातली अर्धी भीती कळत नाही.

संपाच्या तारखा, पुढाऱ्यांची माहिती घडीपत्रिकेत घातली नाही. ती वाचून लोक परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतात.

२० जुलै

सातपूर-अंबड गट, पिवळी कार्डं. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावरची वेळ ठेवली. नाइट करून आलेल्यांना बोलावू नये, ते सौजन्यानं येतात आणि लिहिताना डुलकी लागते.

ध्वनिमुद्रणाबद्दल : फोन विमान मोडवर, नाहीतर कॉल आला की मुद्रण तुटतं. टेबलावर थेट ठेवू नये, पेल्याचा ठोका बोलण्यावर चढतो. दुमडलेल्या टॉवेलवर ठेवावा, पंख्याच्या खाली नाही. दर चाळीस मिनिटांनी नवी फाइल, म्हणजे एक बिघडली तरी बैठक वाचते.

ह्या गटानं थांबलेली पानं जवळजवळ सगळी गिरणीच्या दारातली आहेत. पहाटेचा घोळका, जॉबरचं बोट, उरलेल्यांनी परत फिरणं. कंत्राटी कामगारांनी तिथे पान क्रमांकाला दोनदा अधोरेखा मारल्या आहेत. कायम कामगारांनी तोच प्रसंग ‘जुन्या काळचा अन्याय’ म्हणून नोंदवला. एकाच कारखान्याच्या दारातून आत जाणारी ही माणसं, पण पुस्तकातलं दार त्यांना दोन वेगळ्या काळांतलं दिसलं. ही तफावत जपून ठेवायची. पुस्तिकेत दोन्ही कार्डं शेजारी शेजारी छापायची.

खरं न वाटलेल्या गोष्टींत एक नेमका आक्षेप : पोरगा तीन दिवसांत तुटलेलं सूत सांधायला शिकतो. सांधणं म्हणजे चालत्या चातीवर (बॉबिन फिरवणाऱ्या उभ्या सळईवर) बोटानं बॉबिन थांबवून, सुताचं टोक वर खेचून, ट्रॅव्हलर ह्या बारीक कडीमधून घेऊन रोलरमधून येणाऱ्या तंतूला चिकटवणं. नवख्याला बॉबिन थांबवताना बोट भाजतं, वेळ चुकला की शेजारच्या चातीचंही सूत तोडतो. तीन दिवसांत हात बसत नाही. आक्षेप मान्य करून ‘तांत्रिक’ खाली नोंदवला.

३ ऑगस्ट

सिन्नरचा गट. इथे पुस्तक वाटलं नाही, वाचून दाखवलं. काही बायांना वाचता येतं, पण विड्या वळताना हात मोकळे नसतात आणि दिवसाचा आकडा पूर्ण करायचा असतो. वाचणारी त्यांच्यातलीच एक.

मोठ्यानं वाचण्याचं गणित : मध्ये न थांबता तासाला वीस-पंचवीस पानं होतात, पण थांबू द्यायचं असेल तर पंधरा धरावीत. आणि थांबू द्यायलाच हवं, कारण प्रतिक्रिया तिथेच येते. वाचणारीच्या शेजारी नोंद करणारी बसते. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं बारीक खूण आणि वहीत तोच क्रमांक टाकून बोललेलं वाक्य. कार्ड नंतर भरायचं. अंगठा देणाऱ्या बाईचं कार्ड तिच्या शब्दांत लिहून तिला वाचून दाखवल्याशिवाय पेटीत टाकायचं नाही.

ह्या गटानं जे पान धरलं ते दुसऱ्या कोणत्याही गटानं धरलेलं नाही. विणकराचं कापड डाग पडला म्हणून नापास होतं आणि ते कापड त्याच्याच गळ्यात घालून त्याची किंमत पगारातून कापतात. कादंबरीत हा प्रसंग जेमतेम सव्वा पानाचा. मुंबईच्या गिरण्यांत ही पद्धत होती आणि १९२८च्या तक्रारींत तिचा समावेश होता. विडीची मजुरी हजारावर मिळते आणि मालात छाट निघते : वळलेल्या विड्या वाईट म्हणून बाजूला काढतात, त्यांची मजुरी नाही. त्यामुळे सव्वा पान ऐकता ऐकता वळणारे हात थांबले आणि प्रश्न आले. डाग कोणाच्या तेलाचा? सूत आधीच खराब होतं तर? ते नापास कापड पुढे कोणी विकलं का? कादंबरी ह्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. हे प्रश्न जसेच्या तसे छापायचे. सगळ्या संकलनात ह्याहून मोलाचं काही अजून हाती आलेलं नाही.

खानावळवालीवरही खूप बोलणं झालं. कॉलेजच्या मुलांना ती कनवाळू वाटली. इथे आधी तिचा हिशोब मांडला गेला : इतक्या जणांचं उधारीचं जेवण संपाच्या सहा महिन्यांत तिनं कशावर चालवलं? सोनं मोडलं असणार, आणि लेखकानं ते दाखवायला हवं होतं, हा गटाचा निष्कर्ष.

२४ ऑगस्ट

पोराच्या आजारपणाबद्दल चारही गटांत एकच समज : त्याला क्षय झाला आहे. कार्डांवर ‘टीबी’ हा शब्द सगळीकडे. पुस्तकात लेखकानं रोगाचं नाव दिलेलं नाही आणि वर्णन क्षयाचं नाही.

नव्या कामगाराला कापसाच्या धुळीत पहिल्या दिवसांत ताप, थंडी, कोरडा खोकला, अंग मोडून येणं असं होतं आणि काही दिवसांत ते जातं. त्याला गिरणीचा ताप म्हणत. कादंबरीतल्या पोराला होतं ते हे. त्याच्या चुलत्याला होतं ते वेगळं : सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, आठवडा सरत जातो तसं कमी होतं. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा हा आजार, बिसिनोसिस. सुरुवातीला सोमवारपुरता, पुढे रोजचा, आणि मग धूळ सोडली तरी न जाणारा. ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये त्याचं प्रमाण जास्त, कारण तिथे धूळ जास्त. चुलता कार्डिंगमध्ये आहे, लेखकानं हे जाणून लिहिलं आहे.

वाचकांना ही माहिती आत्ता द्यायची नाही. ‘टीबी’ हीच त्यांची प्रतिक्रिया आहे आणि तिला किंमत आहे. पुस्तिकेत त्या कार्डांच्या खाली ही टीप जाईल.

१४ सप्टेंबर

निळी कार्डं, चारही गटांची. संपाच्या भागावर सगळ्यात जास्त लिहिलं गेलं आहे. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, दीड लाखांच्या आसपास माणसं कामाबाहेर. संपाचं मूळ मागण्यांपेक्षा कामाच्या वाढीत : विणकरानं दोनऐवजी तीन साचे बघायचे, रिंगखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू. सातपूर-अंबडच्या वाचकांना हे एका वाक्यात कळलं, एक माणूस दोन मशीन चालवतो ते त्यांना नवीन नाही. कॉलेजच्या गटाला आकृती काढून दाखवावी लागली.

खरा वाद साचेखात्याच्या प्रकरणावर. नायकाचा मित्र दलित आहे. त्याला रिंगखात्यात काम मिळतं, साचेखात्यात नाही, कारण धोट्यातली कांडी बदलली की नव्या सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि सवर्ण विणकर त्या धोट्याला मग हात लावायला तयार नसत. ही कल्पना नाही, इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपात पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला होता : अस्पृश्य कामगारांना विणकामात हक्क नसेल तर त्यांनी संपाला साथ का द्यावी?

काही वाचकांनी हे प्रकरण ‘संपाच्या कथेत आडवं आलेलं’ म्हणून लिहिलं. काहींनी तेच पुस्तकाचं काळीज मानलं. पंचवटीच्या एका कार्डावर पान क्रमांकासमोर फक्त ‘२ मार्च १९३०’ लिहिलं आहे, दलितांच्या प्रवेशासाठी झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा पहिला दिवस. त्या वाचकाला आणखी काही लिहायची गरज वाटली नाही आणि नाशिकमध्ये ती नाहीच.

वर्गवारीचा निर्णय : ह्या कार्डांना ‘सामाजिक’ असं मोघम खातं द्यायचं नाही. ‘काम’ ह्याच खात्यात ठेवायची. कोणाला कोणतं यंत्र मिळतं हा कामाचाच प्रश्न आहे. वेगळ्या खात्यात टाकलं की संपाबद्दल वाचणारा ती पानं ओलांडून जाईल.

५ ऑक्टोबर

‘हे खरं का?’ ह्या प्रश्नाखालची कार्डं तपासून झाली. दिवाळीनंतर शेवट उघडायचा आहे, त्याआधी उत्तरं तयार हवीत.

रविवारची सुट्टी १९२६ मध्ये होती का? होती. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना ती १० जून १८९० पासून मिळाली. सोळाव्या वर्षी पूर्ण वेळ काम कायद्यात बसत होतं का? १९२२च्या कारखाना कायद्यानं बारा वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि बारा ते पंधरा वयाला सहा तास. त्यामुळे सोळा वर्षांचा पोरगा कायद्याच्या नजरेत मोठा माणूस. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त अकरा आणि आठवड्याला साठ तास.

विजेवर चालणारी गिरणी १९२६ मध्ये कशी, हा आक्षेप चांगला आहे आणि उत्तर दुहेरी. खोपोलीहून टाटांची जलविद्युत १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली होती, तेव्हा विजेचा उल्लेख बरोबर. पण वीज आली म्हणजे प्रत्येक फ्रेमला स्वतंत्र मोटर आली असं नाही. एका मोटरवर लांब शाफ्ट, शाफ्टवर पुल्या, प्रत्येक पुलीवरून एकेका यंत्राला चामड्याचा पट्टा. हे समजल्याशिवाय शेवट समजणार नाही.

नायक म्हणजे बाबू गेनू का? बऱ्याच कार्डांवर आहे. नाही. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू गिरणी कामगारच होते, पण ते १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना चिरडले गेले. ह्या कादंबरीतला पोरगा यंत्रावर मरतो, त्याच्या नावाचा रस्ता कुठेही नाही. घोटाळा होण्यामागचं कारण मात्र समजण्यासारखं आहे : मराठी वाचकाच्या मनात तरुण मरणारा गिरणी कामगार म्हटला की एकच नाव आधी येतं.

२ नोव्हेंबर

पट्ट्या काढल्या. शेवट प्रत्येकानं घरी एकट्यानं वाचायचा आणि पांढरं कार्ड दुसऱ्या दिवशी भरायचं. त्याच रात्री भरलेल्या कार्डावर एक-दोन शब्द येतात, आठवड्यानं भरलं तर दुसऱ्यांशी झालेलं बोलणं त्यात मिसळतं. सिन्नरला मात्र वाचून दाखवलं आणि बोलणं दुसऱ्या दिवशीवर ठेवलं.

सातपूर-अंबड गटानं अपघाताचं पान जसं वाचलं तसं ते कोणा समीक्षकाला वाचता येणार नाही. त्यांचं म्हणणं मुद्द्यांसह.

फ्रेम थांबवायची साधी सोय त्या काळीही होती. शाफ्टवरच्या रुंद पुलीवरून येणारा पट्टा फ्रेमपाशी शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन पुल्यांपैकी एकीवर असतो, एक यंत्राला घट्ट, दुसरी मोकळी फिरणारी. दांड्यानं पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला की एवढी एक फ्रेम थांबते, बाकीची रांग चालू राहते. पण कादंबरीत पट्टा वरच्या पुलीवरूनच घसरून सुटला आहे आणि फिरत्या शाफ्टवर लोंबतो आहे. आता सरकवायचा दांडा उपयोगाचा नाही. सुरक्षित मार्ग एकच : शाफ्ट थांबवणं. शाफ्ट थांबला की त्यावरची सगळी रांग थांबते, सुतं तुटतात, पुन्हा सुरू करताना प्रत्येक फ्रेमवर सांधत बसावं लागतं. म्हणून जॉबर चालत्या शाफ्टवर पट्टा चढवायला सांगतो. पोरगा शिडीवर. सदऱ्याची बाही सैल. पट्ट्याचा सांधा चामड्याच्या वादीनं शिवलेला, वादीचं टोक सुटून वर आलेलं. ते टोक बाहीत अडकतं.

लेखकानं वादीचं सुटलेलं टोक दीडशे पानं आधी एकदा दाखवलं आहे, ओझरतं. चार गटांत मिळून ते फक्त मेन्टेनन्सच्या दोन वाचकांनी पकडलं होतं, आणि तेही पिवळ्या कार्डावर, शेवट माहीत नसताना.

१९४८च्या कारखाना कायद्यातली कलमं ह्याच पानाशेजारी ठेवून वाचावीत असं गटानं सुचवलं. कलम २२ : चालत्या यंत्राजवळचं काम फक्त खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानं, अंगासरशी बसणारे कपडे घालून, आणि चालत्या पुलीवरच्या पट्ट्याला हात लावायचा तर पट्टा पंधरा सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावा, सांधा धड असावा, पाय रोवायला आणि हातानं धरायला पक्की जागा असावी. कलम २४ : वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर टेकू किंवा लोंबू देऊ नये. कादंबरीतली एकेक गोष्ट ह्या कलमांत उलटी होऊन आलेली दिसते. पुस्तिकेत ही दोन कलमं सोप्या मराठीत द्यायची.

नुकसानभरपाईचा प्रश्न सिन्नरहून आला. १९२३चा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू होता, म्हणजे पोराच्या आईचा हक्क होता. कादंबरीत ती कोणा कारकुनासमोर उभी राहते आणि परत फिरते, कागद कशाचा ते तिला कोणी सांगत नाही. हा प्रसंग रडवतो, पण बायांनी कार्डावर लिहून घेतलं : कागद वाचून दाखवायला सांगायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर

तिन्ही रंगांची कार्डं वाचकवार शेजारी लावली. जे दिसलं ते स्पष्ट आहे. निळ्या कार्डांवर ‘कोणाचा राग आला?’ ह्याला नेमकी उत्तरं : जॉबर, मालक, दोन बाजू करायला लावणारा मॅनेजर, साचेखात्यातले सवर्ण विणकर, क्वचित पुढारी. पांढऱ्या कार्डांवर त्याच वाचकांनी, त्याच प्रश्नाला, लिहिलं आहे : नशीब. काळ. परिस्थिती. कोणाचाच नाही.

मरण आलं की राग विरघळतो आणि कारण दिसेनासं होतं. ही कादंबरी कारणं लपवत नाही, वादीच्या टोकापर्यंत सगळं तिनं मांडून ठेवलं आहे. तरी दुःख इतकं मोठं होतं की वाचक आधी मांडलेला हिशोब विसरतो. सातपूर-अंबड आणि सिन्नर ह्या दोन गटांत हे कमी आहे. तिथे पांढऱ्या कार्डांवरही शाफ्ट, सांधा, कागद हे शब्द आहेत. जिथे वाचकाला कामाची जाण आहे तिथे शेवट कारणांना पुसू शकला नाही.

ह्यावरून एक जादा बैठक ठरवली. प्रत्येकाला त्याचं स्वतःचं पिवळं आणि निळं कार्ड परत द्यायचं, वाचायला पाच मिनिटं द्यायची, मग चौथं कार्ड, गुलाबी, एकच प्रश्न : आता काय म्हणाल? चर्चा नाही, दुसऱ्याचं कार्ड बघायचं नाही, आणि पांढऱ्या कार्डाबद्दल कोणी काही सुचवायचं नाही. ‘आधी तुम्ही जॉबरला दोष दिला होता’ असं वाक्य बैठक घेणाऱ्याच्या तोंडून गेलं, की पुढची सगळी कार्डं वाया.

३० नोव्हेंबर

गुलाबी कार्डं आली. कॉलेजच्या गटातल्या निम्म्याहून जास्त वाचकांनी ‘नशीब’ शब्द मागे घेतला. काहींनी घेतला नाही आणि कारणही दिलं : शिडीवर कोण चढणार हे त्या सकाळी जॉबरनं बोट कोणाकडे दाखवलं ह्यावर ठरलं, आणि त्याला नशीबच म्हणायचं. हे उत्तर वरवरचं नाही, ते पूर्ण छापायचं.

टंकन सुरू. बोललेली भाषा प्रमाण करायची नाही. सिन्नरच्या नोंदींत ‘व्हतं’ असेल तर ‘व्हतं’. फक्त विरामचिन्हं द्यायची. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार, ऱ्य आणि जोडाक्षरं हमखास फुटतात. ‘सुऱ्या’चा ‘सुर्या’ होतो. म्हणून रूपांतरानंतर ‘र्’ असलेला प्रत्येक शब्द शोधून हातानं तपासायचा. कार्डावरचे पान क्रमांक पुस्तकाच्या आवृत्तीला बांधलेले आहेत, म्हणून प्रत्येक क्रमांकापुढे प्रकरणही टाकलं.

१४ डिसेंबर

पुस्तिकेची मांडणी ठरली. कार्डं गटवार लावायची नाहीत, कादंबरीच्या पानांच्या क्रमानं लावायची. म्हणजे गिरणीच्या दारापाशी कंत्राटी कामगार, कायम कामगार आणि विद्यार्थी एकत्र भेटतात, आणि डागाच्या सव्वा पानापाशी सिन्नरच्या बाया एकट्याच बोलतात, बाकीच्यांची जागा तिथे कोरी सोडायची. रंग समासातल्या पट्टीनं दाखवायचा. शेवटच्या प्रकरणात डाव्या पानावर पांढरं कार्ड, उजव्या पानावर त्याच वाचकाचं गुलाबी.

अक्षर चौदा पॉइंट, कारण परळ-लालबागहून आलेल्या गटातले बहुतेक वाचक साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या निळ्या कार्डांचं टंकन अजून बाकी आहे. त्यांत १९२८ आणि १९८२ हे दोन संप एकमेकांत गुंतलेले आहेत, एका वाक्यात दोन्ही येतात. ते सोडवून वेगळे करायचे नाहीत. वाक्यावर वर्ष कोणतं ते वाचकालाच विचारून समासात टाकायचं. उरलेली ध्वनिमुद्रणं त्याच कामासाठी पुन्हा ऐकायची आहेत, नाशिक रोडच्या दोन बैठकींपासून सुरुवात.